मोज्यातली बाटली

घरात त्याला नाकोबा म्हणत. हे नाव मेहुण्याने ठेवलेलं, आणि ठेवलं तेव्हा चिडवायलाच ठेवलेलं. पण चहाच्या कंपनीत चहा चाखून पोट भरणाऱ्या माणसाला ते इतकं चपखल बसलं की पुढे सासूबाईसुद्धा तो समोर नसताना तेच म्हणू लागल्या. नाकोबाला राग येत नसे. खरं सांगायचं तर बरंच वाटे, कारण बाकी बाबतीत त्याच्या नावाने आनंदीआनंद होता. गाडी चालवता येत नव्हती. खिळा ठोकायला घेतला तर हातोडी हमखास अंगठ्यावर. घरात काही बिघडलं की बायको आधी त्याला खोलीबाहेर काढी आणि मग दुरुस्तीवाल्याला फोन करी. देवाने हे एवढं धूड दिलं ते केवळ एक नाक इकडून तिकडे न्यायला, असं तो स्वतःच सांगे आणि स्वतःच सर्वांत मोठ्याने हसे.

आणि तेच नाक गेलं होतं. म्हणजे तोंडावर होतं जागच्या जागी, चष्मा धरून. पण दोन महिन्यांपूर्वी साधी सर्दी झाली, आणि ती जाताना वासही बरोबर घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार, वाट बघा. असा सल्ला तर सासूबाईंनीही फुकटात दिला असता. जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट एवढं कळत होतं. बाकी सगळा शुकशुकाट.

त्याने कुणाला सांगितलं नाही. चाखायच्या खोलीत पांढऱ्या वाट्यांची रांग लागायची, तो चमच्याने चहा फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवून थुंकायचा आणि मग हळूच शेजारच्या सहकाऱ्याच्या डाव्या भुवईकडे बघायचा. ती वर गेली की माल चांगला. जागची हलली नाही की नापास. दोन महिने कंपनीचा चहा असा भुवईवर चालला होता, आणि नवलाची गोष्ट म्हणजे एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती. आपण इतकी वर्षं उगीचच नाक खुपसत होतो की काय, असं त्याला वाटून गेलं.

सहलीचं मुलीने काढलं. ती आकडेमोडीची नोकरी सोडून बापाच्याच कंपनीत, त्याच चाखायच्या खोलीत रुजू होणार होती. परीक्षा दिली, पास झाली, फक्त जायचं बाकी होतं. "बाबा, त्याआधी सगळे मिळून द्राक्षांच्या मळ्यांकडे जाऊ," ती म्हणाली. "वाइन चाखू. तुम्ही एकेक वास सांगा, मी शिकते." नाकोबाने तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण नाक नसलेल्या नाकोबाचं या घरात काम काय, असं मनात आलं आणि तो म्हणाला, "वा! छान!"

मेहुणा गाडी चालवायला. शेजारी सासूबाई, मांडीवर थर्मास, कारण बाहेरच्या चहावर त्यांचा विश्वास नव्हता. मागे बायको, मुलगी आणि मध्ये अवघडून बसलेला नाकोबा.

पहिल्या वायनरीत लांबलचक लाकडी टेबल होतं आणि टेबलामागे वाइन ओतणारी एक हसरी बाई. तिने पांढरी वाइन ओतली, आणि सगळ्यांचे डोळे नाकोबावर. त्याने ग्लास फिरवला, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. हवा आत गेली, हवा बाहेर आली. त्याने एक डोळा किलकिला केला. बाटलीची पाठ त्याच्याकडे होती आणि पाठीवर बारीक अक्षरांत वर्णन छापलेलं होतं. "संत्र्याची साल," नाकोबा खोल आवाजात म्हणाला. "आणि कुठेतरी… मध."

"अगदी बरोबर!" ओतणारी बाई म्हणाली. मेहुण्याने टाळी वाजवली. मुलीने ग्लासात नाक घातलं, आणि तिचा चेहरा उजळला. "हो! साल आहे, बाबा!" नाकोबाला वाटलं, चला, निभावलं. चष्म्याचा नंबर चांगला असला की नाकावाचून अडत नाही.

मग त्या बाईने ग्लासात उरलेली वाइन टाकायला एक स्टीलचं भांडं पुढे केलं, आणि सासूबाई उभ्याच राहिल्या. "टाकायची? पैसे देऊन घेतलेली?" त्यांनी पिशवीतून एक रिकामी बाटली काढली, कागदाची पुंगळी केली आणि घरच्या सगळ्यांच्या ग्लासांत उरलेलं नीट त्यात ओतून घेतलं.

"आई, उष्टं आहे ते," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"घरचंच उष्टं आहे. परक्याचं थोडंच घेतलंय? रश्श्यात घालीन."

सासूबाईंच्या घरात आजवर काही टाकलं गेलं नव्हतं, आणि वाइनसाठी त्या नियम मोडणार नव्हत्या. ओतणारी बाई तोंडावर हात धरून आत निघून गेली.

दुसऱ्या वायनरीत मात्र घात झाला. तिथल्या बाटलीच्या पाठीवर नुसता पत्ता होता. नाकोबाने ग्लास फिरवला, आणखी फिरवला, इतका फिरवला की मेहुणा म्हणाला, "भाऊजी, लोणी येईल आता." शेवटी नाकोबाने ठोकून दिलं, "चेरी. पिकलेली."

"मला पेन्सिलीचा येतोय," मुलगी म्हणाली. "टोक काढल्यावर येतो ना, तसा."

"छे! चेरी आहे. नीट घे."

मुलीने नीट घेतला. पुन्हा घेतला. ओतणाऱ्या माणसाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण वडीलधारा माणूस ठामपणे बोलतोय हे पाहून ते मिटून घेतलं. मेहुण्याला चेरी लगेच आली. बायकोला उशिरा, पण आली. सासूबाईंना चेरीबरोबर थोडा गूळही आला. फक्त मुलगी ग्लासाच्या तळाकडे बघत बसली.

तिथून पुढे नाकोबाला खोटं बोलायची चटक लागली म्हणा किंवा सुटका राहिली नाही म्हणा. त्याने कुणाच्या वाइनमध्ये कातडी पट्टा काढला, कुणाच्या वाइनमध्ये जुनं कपाट. मुलगी दर वेळी काहीतरी वेगळं म्हणे, आणि दर वेळी तो ते खोडून काढी, कारण एकदा हो म्हटलं असतं तर पुढचं सांगायची वेळ आली असती. हळूहळू तिने बोलणंच सोडलं. तो सांगे, ती मान हलवी.

वाटेत बायकोने एका दुकानातून चीज घेतलं. कागदात गुंडाळलेलं, चपटं, लुसलुशीत. डिकीत जागा नव्हती म्हणून ते मागच्या सीटपुढे, नाकोबाच्या पायांशी आलं. गाडी सुरू होऊन पाच मिनिटं होतात न होतात तोच सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मेहुण्याने चारी काचा खाली केल्या. मुलगी अर्धी खिडकीबाहेर. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बसलात तरी कसे त्याच्यावर वाकून?"

नाकोबा बुटाची नाडी बांधत होता. त्याने चटकन मान वर केली. "असह्य!" तो म्हणाला. "मी म्हटलं, तुम्ही कुणी बोलत का नाही!" आणि नाक दोन बोटांत धरून मुक्कामी पोचेपर्यंत तसाच बसला. बायकोने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं.

ते उतरले होते त्या भाड्याच्या घराला मागे फरशीचा ओटा होता आणि ओट्यावर लाकडी टेबल. सहलीच्या शेवटच्या दुपारी नाकोबा तिथे पाय पसरून बसला होता. उद्या घरी. अब्रू शाबूत राहिली होती. मुलगी येऊन शेजारी बसली. तिने खुर्ची जवळ ओढली, मग उगीचच पुन्हा थोडी लांब केली.

"बाबा, मी ती नोकरी नाही घेत."

"का?"

"मला नाकच नाहीये. तुम्ही सांगता त्यातलं मला काहीसुद्धा येत नाही. तुम्ही चेरी म्हणता, मला पेन्सिल येते. परीक्षेत चुकून पास झाले असेन. तिथे जाऊन तुमचं हसं कशाला करू? जुन्या नोकरीत परत घेतात का विचारते."

शेजारी बसलेल्या पोरीला नाक होतं, चांगलं तिखट नाक होतं, आणि त्याने ते सहलभर स्वतःच्या हाताने ठेचलं होतं. आता बोल, तो मनात स्वतःला म्हणाला, बोल गाढवा. आणि तो बोलला, "अगं, होईल सवय हळूहळू." इतका नेभळट सल्ला तर डॉक्टरांनीही दिला नव्हता. मुलगी कसंनुसं हसली.

तेवढ्यात मेहुणा हातात बाटल्या घेऊन आला. बाटल्यांवर मोजे चढवलेले होते. लोकरीचे, पायाचे, त्याचे स्वतःचे. "धुतलेले आहेत," तो आधीच म्हणाला. "आता खरी परीक्षा! लेबल दिसणार नाही, काही नाही. भाऊजी डोळे झाकून सांगणार, सगळ्यांत भारी कुठली. तीच आपण पोरीच्या नोकरीसाठी प्यायची." त्याने स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर रांगेत होत्या तेवढ्या बाटल्यांना मोजे घातले होते. त्या रांगेत काय काय उभं होतं हे बघायच्या भानगडीत तो पडला नव्हता.

सगळे जमले. सासूबाई थर्मास धुवून उपडा घालून आल्या. नाकोबाने पहिल्या मोज्यातली चाखली, दुसऱ्यातली चाखली. दोन्ही आंबट. तिसरी जिभेला जरा गोडसर लागली, जरा तुरट, जरा कडवट. काहीतरी बरंच चाललं होतं तिच्यात, एवढं नक्की. लेबल नव्हतं, भुवई नव्हती. त्याला फक्त हा खेळ संपवायचा होता.

"हीच," त्याने ग्लास खाली ठेवला. "बाकीच्या हिच्यापुढे पाणी. मुरलेली आहे. हिला घराणं आहे."

ग्लास फिरला. "आहाहा," मेहुणा म्हणाला. "घराणं कळतंय." बायकोने घोट घेतला, थबकली आणि म्हणाली, "वेगळीच आहे." मुलीने वास घेतला, कपाळाला आठी घातली, पुन्हा वास घेतला. तिने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि ग्लास गुपचूप पुढे सरकवला.

मेहुण्याने जादूगारासारखा मोजा ओढला.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "ही तर माझी रश्श्याची!"

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग उमगलं. सहलभर सगळ्यांच्या ग्लासांत उरलेली, लाल-पांढरी एक केलेली, कागदाच्या पुंगळीतून गेलेली सासूबाईंची बाटली टेबलावर उभी होती. मेहुणा आधी टेबलावर आणि मग टेबलाखाली पडून हसला. बायको डोळे पुसत म्हणाली, "घराणं आहे म्हणे! आपलंच घराणं की!" सासूबाईंना हसायचं की अभिमान वाटून घ्यायचा ते ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

नाकोबाही हसला. हसणं त्याला येत होतं. उलट हायसंच वाटलं. लोक हसतात तोवर कीव करत नाहीत. हा प्रसंग पुढे दर लग्नाकार्यात सांगितला जाईल, नाकोबा दर वेळी हसेल, आणि खरी गोष्ट कुणाला कळणार नाही. मेहुणा टेबलाखालून म्हणाला, "म्हणजे भाऊजी, इतकी वर्षं तुम्ही चहाचंसुद्धा असंच ठोकून देत होतात?"

मुलगी मात्र हसत नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की नाकोबाचं हसू जागच्या जागी थांबलं. ज्याच्यावर विसंबून तिने नोकरी धरली होती आणि ज्याच्यावर विसंबूनच आता सोडत होती, ते सगळं थोतांड होतं का, एवढंच ती विचारत होती.

"मला वास येत नाही," नाकोबा म्हणाला.

"आता काय उपयोग!" मेहुणा आणखी हसला.

"खरंच येत नाही. सर्दी झाल्यापासून. आधी यायचा. कामावर मी शेजारच्याच्या भुवईकडे बघून माल पास करतोय. इथे लेबलं वाचली. लेबल नव्हतं तिथे थापा मारल्या. चेरीबिरी काही नव्हतं. पेन्सिल असेल. तिला आली म्हणजे पेन्सिलच असेल."

"हरले की नाक गेलं!" मेहुण्याने टाळीसाठी हात पुढे केला. "बरं सुचतं तुम्हाला!"

नाकोबाने उभा जन्म गमती करण्यात घालवला होता. आता खरं बोलला तर ती सर्वांत चांगली गंमत ठरली. त्याने हात जोडले, मुलीची शपथ घेतली, डॉक्टरांचं नाव सांगितलं. जितका गयावया करी तितकं हसू वाढे. शेवटी बायको म्हणाली, "थांबा. बघूच आपण. डोळे मिटा आणि हात मागे."

नाकोबाने डोळे मिटले, हात पाठीमागे बांधले. फरशीवर चपला वाजल्या. स्वयंपाकघराचं दार उघडलं, मिटलं. कागदाची खसखस झाली. मेहुणा खुदखुदला, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग सगळं शांत. नाकोबा वाट बघत उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं, कानामागून घामाची धार उतरत होती. ही मंडळी काय शोधायला गेली आहेत कुणास ठाऊक, त्याला वाटलं. एक गोष्ट वेळेवर करतील तर शपथ.

"अहो, धरा ना लवकर," तो म्हणाला. "किती वेळ उभा राहू?"

कुणी हसलं नाही. त्याने डोळे उघडले.

नाकाला जवळजवळ टेकलेलं ते चीज होतं, कागद सोडवलेलं, उन्हात पार पाघळलेलं. बायकोच्या हातात होतं. त्याच्या शेजारी मेहुण्याने कालचा न धुतलेला मोजा धरला होता. पलीकडे सासूबाई पदर नाकाशी धरून उभ्या होत्या.

"त्या दिवशी दूध करपलं," ती म्हणाली. "तुम्ही तिथेच पेपर वाचत बसला होतात. मी काय काय बोलले तुम्हाला. तरी सांगितलं नाहीत?"

"त्या दिवशी काय सांगणार होतो? तू पातेलं घासत होतीस." नाकोबा म्हणाला. "माझ्याकडे दुसरं होतं काय गं सांगण्यासारखं? एक नाक होतं."

बायकोने चीज टेबलावर ठेवलं आणि त्याच ओशट हाताने त्याचा हात धरला. मेहुण्याला मोज्याचं काय करावं सुचेना. शेवटी त्याने तो खिशात घातला. आता कीव येणार, नाकोबाला वाटलं. कुणीतरी म्हणणार, असू दे, होतं असं, आणि मग जन्मभर सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलणार.

मुलगी टेबलापाशी गेली. तिने सासूबाईंच्या बाटलीतली वाइन ग्लासात ओतली, ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि नाक आत घातलं.

"बाबा," ती म्हणाली, "भयंकर आहे."

"किती?"

"रश्श्यातसुद्धा घालू नये इतकी. आजी, सॉरी. वर संत्र्याची साल आहे, पहिल्या दिवशीची. मग ती पेन्सिलवाली लाल. आणि आणखी एक वास आहे, तो मघाशी पण मला आला होता, पण तुम्ही मुरलेली म्हणालात म्हणून मी बोलले नाही. खाली चहा आहे."

सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. सासूबाई फरशीकडे बघू लागल्या.

"थर्मासात घोटभर उरला होता सकाळचा," त्या म्हणाल्या. "टाकायचा होय?"

"कुठला चहा?" नाकोबाने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. चाखायच्या खोलीत तो याच आवाजात बोले, आणि तिथे त्याच्यावर कुणी हसत नसे.

मुलीने पुन्हा नाक आत घातलं. "तुमचा. निळ्या डब्यातला. जास्त उकळलाय."

"काही जास्त उकळत नाही हं मी," सासूबाई म्हणाल्या.

निळ्या डब्यातला चहा नाकोबाने स्वतः निवडला होता, नाक शाबूत असताना. मघाशी तोच त्याच्या तोंडात होता आणि त्याला तो ओळखता आला नव्हता. पोरीने तो इतक्या सगळ्या उष्ट्याच्या तळातून शोधून काढला. नाकोबाला रडू येत होतं आणि हसूही. त्याने चष्मा काढून पुसला.

"जुन्या नोकरीचं कुणाला काही विचारू नकोस," तो म्हणाला. "ठरल्या दिवशी ये कामावर. खिडकीजवळची जागा माझी आहे. उजेड चांगला असतो. तिथे तू बस."

"आणि तुम्ही?"

"मी आधी साहेबांना खरं सांगतो. मग ठेवलं तर बसेन शेजारी," नाकोबा म्हणाला. "तुझ्या भुवईकडे बघत."